पाडी दुभती होईपर्यंत

गोव्यातील घरामागच्या गोठ्यात सहसा एक-दोन, फार तर चार-पाच जनावरे असतात. अशा गोठ्यात घरचीच पाडी वाढून प्रथमच व्याली, की घराला आनंद होतो आणि दुसऱ्याच दिवशी एक अडचण उभी राहते. पहिलारू गाय कासेला हात लावू देत नाही. ती लाथ झाडते, कासंडी उलथवते, अंग आखडून पान्हा चोरते. मग मागचे पाय बांधले जातात, काठी उगारली जाते, आणि आठवड्याभरात ‘हिला खोड आहे’ असा शिक्का तिच्यावर बसतो. काही गायी त्यानंतर विकल्या जातात, काहींचे दावे सोडले जाते. रस्त्यांवर फिरणाऱ्या मोकाट गुरांत अशा नाकारलेल्या गायीही असतात.

पशुपालनाचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. पहिलारूची बहुतेक आडदांडगी जन्मजात नसते. तिला दोन-तीन वर्षे कोणी हातच लावलेला नसतो, आणि नेमक्या दुखऱ्या, घाबऱ्या अवस्थेत एकाएकी तिच्या सर्वांत नाजूक अवयवाला हात लावला जातो. धार काढू देणे हे गाईला शिकवावे लागते, आणि ते शिक्षण ती व्याल्यावर नव्हे, तर ती वासरू असतानाच सुरू करावे लागते.

गोव्याच्या गोठ्यांत दोन तऱ्हेची गुरे आढळतात. एक जर्सी किंवा होल्स्टीन फ्रिजियन रक्ताची संकरित, आणि दुसरी येथील मूळची लहान चणीची गाय. या स्थानिक गुरांपैकी पांढऱ्या गाईला ‘श्वेत कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. जुने गोवे येथील एला गावातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने तिच्या गुणांची पाहणी केली आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची नोंद केली. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत, पापण्यांच्या केसांसह ती पांढरी असते. दूध दिवसाला साधारण दोन ते तीन लिटर. ती डोंगर चढते, पावसाळा सोसते आणि भाताच्या पेंढ्यावर दिवस काढते. पण संकरित गाईपेक्षा ती बिथरते लवकर, आणि वासरावाचून पान्हा सोडायला सहसा राजी होत नाही. हा भेद पुढे धारेच्या वेळी महत्त्वाचा ठरतो.

पहिला हक्क चिकावर

हाताची सवय लावण्याआधी वासरू जगले पाहिजे. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, कारण गाईची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. ती सारी चिकातून येतात. वासराच्या आतड्याला ही द्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची शक्ती जन्मानंतर काही तासच असते. ती झपाट्याने घटते आणि दिवसभरात जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक दोन तासांच्या आत पोटात जावा, आणि पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या दशांशाइतका तरी जावा, असा ठोकताळा आहे. पंधरा किलोच्या वासराला दीड लिटर. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही जुनी समजूत म्हणूनच घातक आहे. वासरू चोखू लागले की उलट वार पडायला मदतच होते.

खरवसाचा मोह प्रत्येक घरात असतो. संकरित गाईला वासराच्या गरजेपेक्षा चीक अधिक असतो, तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही वाटावा. लहान चणीच्या गाईच्या बाबतीत पहिल्या दिवशी खरवसाचा विचारच करू नये.

नाळेच्या टोकाला आयोडीन लावावे. मोठे गोलकृमी आईच्या दुधातूनही वासरात उतरतात, त्यामुळे जंताचे पहिले औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने दुसऱ्या आठवड्यातच द्यावे. पोट नगाऱ्यासारखे आणि केस राठ, अशी वासरे पाहायला मिळतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

हात, आवाज आणि नजर

पहिल्या दोन महिन्यांत पाडीला जे अंगवळणी पडते ते टिकते. दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटे, तिच्या अंगावरून हात फिरवावा. सुरुवात मानेखालच्या पोळीपासून आणि कानामागून करावी, कारण गाय वासराला चाटते तीही याच जागा. ती मान ताणून उभी राहिली की तिला ते आवडले आहे असे समजावे. मग पाठ, पोट, मागच्या मांड्या, खूर, आणि शेवटी चारही सडांची जागा. पाडी दूर सरकली तर हात मागे खेचू नये आणि दाबूही नये. तसाच हलका ठेवून ती थांबेपर्यंत तिच्यासोबत सरकावे, आणि ती स्थिर झाली की उचलावा. ती स्थिर राहिल्यावर हात जातो, हलल्यावर जात नाही, हा पहिला धडा. धारेच्या वेळचे अर्धे काम त्यातच होऊन जाते.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. कपाळाला तळवा लावून पाडीला ढुशा द्यायला लावणे हा मुलांचा आवडता खेळ. वासरू लहान असते तोवर तो गोड दिसतो. पण माणसाला डोक्याने रेटता येते, हे त्या खेळातून ती शिकते. दोन वर्षांनी तेच जनावर दोनशे किलोंचे झालेले असते.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे जवळजवळ सगळा भोवताल तिला दिसतो. न दिसणारी जागा ठीक तिच्या शेपटीमागे असते. मागून येऊन पाठीवर थाप मारणाऱ्याला लाथ बसते, त्यात तिचा राग नसतो, दचकणे असते. खांद्याच्या दिशेने, बोलत यावे. तिला माणसापेक्षा उंच पट्टीचे आवाजही ऐकू येतात. पत्र्याचा खडखडाट, शिट्टी, कर्कश ओरडणे तिला बोचते. गुरे माणसे ओळखतात आणि कोणी कसे वागवले हे लक्षात ठेवतात. म्हणून पुढे जी व्यक्ती धार काढणार, तिनेच ही सवय लावावी. घरातील स्त्री दूध काढणार असेल आणि पाडीला रोज हाताळणार मुलगा, तर शिकवण अर्धीच उपयोगी पडते. दुसऱ्या बाजूने, एकाच व्यक्तीच्या हाताला सरावलेली गाय त्या व्यक्तीच्या आजारपणात घराला अडवते. दोघांची सवय असलेली बरी.

दिवाळीच्या पाडव्याला गोव्यात ‘गोरवांचो पाडवो’ साजरा होतो. गुरांना न्हाऊ घालतात, रंगवतात, गळ्यात माळा घालतात. वर्षभर हात न लागलेली कालवड त्या दिवशी माळ पाहून दावे तोडायला उठते, आणि रोज हात फिरवलेली शांतपणे मान पुढे करते. पाडी कशी वाढली आहे, हे पाहायला तेवढा दिवस पुरतो.

दावे आणि म्होरकी

दोन-तीन महिन्यांची झाली की पाडीला म्होरकी घालावी. सुती दोरीची, नाकाच्या हाडावर बसणारी आणि दोन बोटे सहज जातील एवढी सैल. वाढत्या जनावराची म्होरकी दर पंधरवड्याला पाहावी लागते; ती न बदलल्यामुळे कातडीत रुतल्याच्या जखमा अगदी चांगल्या घरच्या गोठ्यांतही दिसतात.

पहिले दोन-चार दिवस दोरी नुसती घातलेली असावी. मग आईच्या मागून चालवावे, म्हणजे ओढण्याची गरज उरत नाही. पुढे एकटीला चालवताना सतत खेचणे ही नेहमीची चूक. जनावराचा स्वभाव ताणाविरुद्ध ताण देण्याचा असतो. माणूस पुढे खेचतो आणि पाडी चारही पाय रोवते. दोरीला हलका ताण द्यावा, तो धरून ठेवावा, आणि पाडीने एक पाऊल टाकले रे टाकले की त्याच क्षणी दोरी सैल सोडावी. तिला शिकवते ते हे सैल सोडणे. ते दोन क्षण उशिरा झाले तर कशाबद्दल सुटका मिळाली हे तिला उमगत नाही. दहा मिनिटांचा धडा पुरे. तिने दोन पावले नीट टाकली, तर तिथेच थांबावे.

बांधताना खुंट्याला नेहमी एकच गाठ असावी, संकटात एका ओढीने सुटणारी. जांभ्याच्या उतारावर लांब दाव्याने पाडी बांधून ठेवू नये. घसरून गळफास बसल्याचे अपघात होतात. गोव्यात कालवडींना वेसण घालण्याची सहसा गरज पडत नाही, आणि लहानपणापासून म्होरकीला वळलेल्या कालवडीला तर नाहीच.

वय नव्हे, वजन

कालवड कधी फळवावी, या प्रश्नाचे उत्तर बरेच पशुपालक वयात देतात. खरे उत्तर वजनात आहे. आपल्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या साठ टक्के तरी कालवड झाल्याशिवाय ती भरवू नये. चांगल्या खुराकावर संकरित कालवड दीड वर्षाच्या सुमारास तिथे पोहोचते. स्थानिक कालवडीला अडीच-तीन वर्षेही लागतात. आधी भरवली तर व्यायला अडते, दूध कमी देते, आणि अडलेल्या बाळंतपणाच्या वेदनेनंतर कासेला हात लावू देत नाही.

वजनकाटा नसला तरी अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या लगत मागे छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून, पुन्हा लांबीने गुणावे आणि 660 ने भागावे. घेर 50 इंच आणि लांबी 44 इंच असेल, तर वजन सुमारे 167 किलो. महिन्यातून एकदा ही मापे वहीत लिहिली, तर वाढ कुठे खुंटली ते लगेच दिसते.

गोव्यात ती खुंटते मार्च ते मे या काळात. पावसाळ्यात डोंगरावर गवत मुबलक असले तरी त्यात पाणीच जास्त असते. उन्हाळ्यात हाती उरतो तो भाताचा पेंढा, ज्यात प्रथिने नाममात्र. दुधाची गाय खुराक मिळवते आणि कालवड उपाशी राहते, कारण ती आज काही देत नाही. थोडी पेंड, कोंडा, क्षारमिश्रण आणि दिवसभर पाणी एवढ्याने मोठा फरक पडतो. दुसऱ्या आठवड्यापासून वासरासमोर कोवळे गवत आणि थोडे खुराकाचे दाणे ठेवावेत. त्यावरच त्याचे रवंथाचे पोट वाढीस लागते, नुसत्या दुधावर नाही.

चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान कालवडीला सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची लस एकदाच टोचतात. ती फक्त माद्यांसाठी असते आणि पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांकडूनच टोचून घ्यावी, कारण लस जिवंत जंतूंची आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर या रोगाचाही समावेश आहे. हा रोग न उकळलेल्या दुधातून आणि गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातांनी उचलल्याने माणसालाही होतो.

गाभणपणाचे शेवटचे तीन महिने

गाय सुमारे 280 दिवसांनी विते. सातव्या महिन्यापासून कालवडीला रोज ठरावीक वेळी धारेच्या जागी आणून उभी करावी. तिथे मूठभर खुराक द्यावा, शेजारी कासंडी ठेवावी, तिचा आवाज होऊ द्यावा. ज्या बाजूने पुढे दूध काढायचे त्याच बाजूला बसावे, कारण गुरे बाजूही लक्षात ठेवतात. मांडीवरून हात खाली आणत ओल्या मऊ फडक्याने कास पुसावी. सड पिळून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. व्यायच्या आधी सडांची तोंडे आतून मेणासारख्या बुचाने बंद झालेली असतात. ते बूच निघाले की जंतूंना वाट मिळते आणि पहिल्याच वेताला कासदाह होतो.

या काळात गोठा बदलू नये. विक्री करायची असल्यास ती आधी करावी.

पान्हा

आता मुख्य प्रश्न. गाईच्या कासेत दूध साठलेले असते, पण त्यातले बरेचसे बारीक पोकळ्यांत अडकलेले असते, सडापर्यंत आपोआप उतरत नाही. वासराच्या जिभेचा किंवा हाताचा स्पर्श मज्जातंतूंतून मेंदूला कळतो, तिथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते, त्या पोकळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि दूध खाली येते. यालाच पान्हा म्हणतात. स्पर्शानंतर साधारण मिनिटभरात तो येतो आणि पाच-सात मिनिटांत ओसरतो. धार तेवढ्यात उरकायची असते. भीती किंवा वेदना झाली, की ॲड्रेनॅलिन हे दुसरे संप्रेरक या क्रियेला आडवे येते. मार खाल्लेली गाय हट्टाने दूध चोरत नाही. तिच्या शरीराला ते त्या वेळी सोडताच येत नाही. लाथ मारल्याबद्दल काठी मारणारा मालक स्वतःच आपले दूध कमी करतो.

लाथेचे पहिले कारण वेदना असते, म्हणून तीच आधी शोधावी. पहिलारूची कास व्याल्यानंतर काही दिवस सुजून दगडासारखी घट्ट असते. सडाला चीर, कासेच्या मागे दडलेली गोचीड, धार काढणाऱ्याची लांब नखे, बोटातली अंगठी, अंगठा दुमडून पिळण्याची पद्धत, ही सगळी तिला दुखवतात. सड अख्ख्या मुठीत धरून वरून खाली बोटे मिटत जाण्याची पद्धत सर्वांत सुखाची. चार धारा गडद भांड्यात काढून गाठी दिसतात का ते पाहावे. दिसल्या तर तो कासदाह, आणि मग उपाय पशुवैद्यांकडे आहे.

वेदना नसेल, तर शिकवण कामाला येते. स्थानिक गाईला आधी वासरू लावावे. त्याने दोन-चार घोट चोखले आणि पान्हा आला, की ते तिच्या तोंडापुढे बांधावे. ती त्याला चाटत राहते आणि धार निघते. शेवटचे दूध वासराला सोडावे. लाथ आली तर उठून जाऊ नये. लाथ मारली की माणूस जातो, एवढे तिला एकदा कळले की ती तेच करणार. कासंडी बाजूला घ्यावी, हात मांडीवर तसाच ठेवावा, ती स्थिर होईपर्यंत बोलत राहावे, मग दोन धारा काढून आपणहून थांबावे. पाडी असताना शिकवलेला धडाच इथे पुन्हा येतो. फारच झाले, तर दुसऱ्या व्यक्तीने शेपटी बुडाशी धरून हलकेच सरळ वर उचलावी. त्याने लाथेचा जोर मोडतो. पाय बांधावे लागलेच, तर गुडघ्यांच्या वर, आठच्या आकड्यासारखी मऊ दोरी घालून, आणि केवळ काही दिवस. वर्षानुवर्षे पाय बांधूनच दुभली जाणारी गाय शिकलेली नसते.

संकरित गाईचे वासरू जन्मतःच वेगळे करून त्याला बादलीतले दूध बोट चोखायला देऊन शिकवता येते, आणि गाय वासरावाचून दुभते. स्थानिक गाईवर हा प्रयोग करू नये. ती बहुधा लवकर आटते. तिचे वासरू दगावले, तर मात्र पर्याय उरत नाही. तेव्हा रोज तीच वेळ, तोच माणूस, तोच खुराक, कोमट पाण्याने कास धुणे, या खुणांवर काही गायी पान्हा सोडतात. लहानपणापासून हाताळलेल्या गाईंबाबत ही आशा अधिक. अशा वेळी रोजच्या धारेसाठी ऑक्सिटोसिनची सुई टोचण्याचा सोपा मार्ग कोणीतरी सुचवतोच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 12 नुसार, दूध वाढवण्यासाठी गाईच्या आरोग्याला अपायकारक असे इंजेक्शन देणे हा गुन्हा आहे. त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा.

विकत आणलेली गाय

राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या कामधेनू योजनेतून गाई विकत घेण्यास अनुदान मिळते. मात्र विकतची गाय दुसऱ्याने लावलेल्या सवयी घेऊन येते. सौदा करताना संध्याकाळची आणि लगेच दुसऱ्या सकाळची, अशा सलग दोन धारा समोर उभे राहून पाहाव्यात, आणि त्यांतली एक स्वतःच्या हाताने काढावी. एका धारेवर दूध मोजून दाखवणारा विक्रेता आदली धार तुंबवून ठेवू शकतो. सुई टोचली जाते का, पाय बांधले जातात का, वासरू सोबत आहे का, ते याच वेळी कळते.

दोन-तीन लिटर देणाऱ्या स्थानिक गाईचा दूध संघाच्या दरात हिशेब बसत नाही, हे मान्य करावे लागते. ती गोठ्यात टिकते घरच्या दुधासाठी, शेणखतासाठी आणि ती सांभाळायला सोपी असेल म्हणून. साठी उलटलेली आजी एकटी बसून जिची धार काढू शकते, ती गाय ठेवली जाते. जिला आवरायला दोन पुरुष लागतात, ती पहिल्या वेतातच गोठ्याबाहेर पडते, मग तिची जात कितीही दुर्मीळ असो.

पहिलारू पुढच्या वेताला गाभण राहिली, की व्यायच्या दोन महिने आधी तिला आटवावे. खुराक कमी करून धारा हळूहळू बंद कराव्यात. धार थांबली तरी त्याच वेळी धारेच्या जागी आणून उभी करण्याचा क्रम मोडू नये. तिची पाडी त्या वेळी जवळच बांधलेली असावी. आई कशी उभी राहते, हे ती पाहत असते.